येळवशीनंतरचा आठवडा : धाराशिवच्या अंगणवाडीतील सहा दिवस

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला एका आठवड्यात काय शिकविता येते, असा प्रश्न विचारला म्हणजे बहुतेक ठिकाणी उत्तर मिळते ते अक्षरांचे आणि अंकांचे. पालक पाटी पाहतात, ग्रामपंचायतीचे सदस्य भिंतीवरचे तक्ते पाहतात, भेटीस आलेले अधिकारी एखाद्या चुणचुणीत मुलाला उभे करून शंभरपर्यंत अंक म्हणावयास सांगतात. मूल ते म्हणून दाखविते आणि सर्वांचे समाधान होते. परंतु याच मुलापुढे सात चिंचोके ठेवून ‘किती आहेत?’ असे विचारले, तर ते पुष्कळदा सहा किंवा आठ असे सांगून मोकळे होते. म्हणणे आणि मोजणे या दोहोंतील हे अंतर ज्याच्या ध्यानात आले, त्याला बालशिक्षणाचा निम्मा विषय समजला असे म्हणण्यास हरकत नाही.

उरलेला निम्मा विषय समजण्यासाठी अंगणवाडीतील एक आठवडा सोमवारपासून शनिवारपर्यंत बारकाईने पाहणे उपयुक्त ठरते. पुढे दिलेला आठवडा कोणा एका गावाचा नाही. धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही अंगणवाडीत, हाती असलेल्या साहित्यानिशी, एका सेविकेला आणि एका मदतनिसाला पार पाडता येईल अशा रीतीने तो मांडला आहे.

घरचे साहित्य, घरचा विषय

आठवड्याचा विषय ज्वारी हा आहे आणि काळ आहे वेळ अमावास्येनंतरचा. मार्गशीर्षातील ही अमावास्या धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांत व लगतच्या कर्नाटकाच्या सीमाभागात ‘येळवस’ म्हणून साजरी होते. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि शिवारे गजबजतात. शेतात कडब्याची कोप उभारून पांडवांची पूजा होते. भज्जी, आंबील, उंडे, खीर असा स्वयंपाक घरून डोक्यावर वाहून नेला जातो. रब्बीची ज्वारी तेव्हा शिवारात उभी असते. लहान मुलाच्या वर्षातील एवढा भरगच्च दिवस क्वचितच दुसरा असेल. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत आलेले मूल बोलण्यासाठी आतुर असते. अशा वेळी त्याच्यापुढे कमळाचे ‘क’ आणि घड्याळाचे ‘घ’ ठेवणे म्हणजे भरल्या घरातून उठवून रित्या घरात नेऊन बसविण्यासारखे आहे.

परिसरातील वस्तू हेच शिक्षणाचे साहित्य, ही दृष्टी महाराष्ट्राला नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहरात कामकऱ्यांच्या मुलांसाठी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीतील साधने मोजूनमापून तयार केलेली व महाग असत. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी ती पद्धती या देशाच्या मातीत रुजविली आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाईंच्या ध्यानात आले की, शहरातील बालमंदिर खेड्यात जसेच्या तसे नेऊन भागणार नाही. १९४५ मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या, आणि नंतर हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये विस्तारले. तेथे शंखशिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने ठरली. जी मुले शाळेपर्यंत येऊ शकत नव्हती त्यांच्या वस्तीत, त्यांच्याच अंगणात शाळा नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम अशा अंगणात आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. मात्र या योजनेतील सहा सेवांपैकी पूरक पोषण, लसीकरण, आरोग्यतपासणी यांचे मोजमाप करणे सोपे असते. अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण ही सेवा नोंदवहीत तितक्या सहजतेने उमटत नाही, आणि जे उमटत नाही ते मागे पडते. सेविकेच्या सकाळचा बराच भाग वजने, नोंदी आणि आहारवाटप यांत जातो, हे प्रत्येक गावात दिसणारे वास्तव आहे.

सोमवार : बोलणे

पहिल्या दिवशी काहीही ‘शिकवावयाचे’ नाही. मुले गोल बसतात आणि सेविका येळवशीविषयी विचारते. प्रश्न कसा विचारला जातो यावर दिवसाचे यश अवलंबून असते. ‘येळवस झाली का?’ या प्रश्नाला वीस मुले एका सुरात ‘हो’ म्हणतील आणि संभाषण तेथेच संपेल. ‘येळवशीला काय काय केलं?’ असे विचारले की चित्र पालटते.

“आमी शेतात गेलतो.”

“अरे वा, तुम्ही शेतात गेला होता! मग तिथं काय केलं?”

“कोप केलती.”

“कशाची केली होती कोप?”

“कडब्याची. अन् आत पांडव मांडलते.”

“किती पांडव मांडले होते?”

“पाच. आज्यानं चुना लावलता त्यास्नी.”

सेविकेने येथे ‘गेलतो’ हे चुकीचे, असे म्हटलेले नाही. तिने मुलाचेच वाक्य थोडे भरून, प्रमाण रूपात परत केले आणि पुढचा प्रश्न विचारला. मूल दोन्ही रूपे ऐकते. घरच्या बोलीला हसले गेले नाही म्हणून ते पुढेही बोलत राहते. ज्या वर्गात पहिल्याच वाक्याला दुरुस्ती होते, तेथे दुसरे वाक्य येत नाही, हा अनुभव प्राथमिक शिक्षकांनाही परका नसावा. पाच पांडवांची मोजणीही येथे ओघातच झाली, आणि ती अर्थपूर्ण झाली, कारण ते पाच दगड मुलाने पाहिलेले आहेत.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. प्रत्येकाच्या घरी शेत नसते. येळवशीला शेतकरी आपल्या शेतात इतरांना आग्रहाने जेवावयास बोलावतात आणि भूमिहीन कुटुंबातील मुलेही त्या दिवशी शिवारात असतात. म्हणून ‘तुमच्या शेतात काय पिकलं?’ असा प्रश्न न करता ‘तुम्ही कोणाच्या शेतात जेवलात?’ असे विचारणे योग्य. लहान मुलाला गरिबी समजत नाही असे मोठ्या माणसांना वाटते, पण ते खरे नाही.

तीन वर्षांची दोन-तीन मुले या गोलात गप्पच राहतील. त्यांना बोलते करण्याची घाई नको. दुसऱ्या दिवशी घरून ज्वारीचे काही तरी घेऊन येण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. वस्तू हातात असली की तोंड उघडते.

मंगळवार : पाहणे आणि निवडणे

मंगळवारी वर्गात मुळासकट उपटलेले ज्वारीचे एक ताट येते, सोबत वाळलेल्या कडब्याची पेंढी आणि गतसालची थोडी ज्वारी. मूळ कोठे, पान कोठे, कणीस कोठे, हे मुलेच सांगतात. हिरव्या पानावरून आणि वाळलेल्या पानावरून हात फिरवून ‘हे मऊ, हे खरखरीत’ असे म्हणतात. कोवळ्या कणसातला दाणा चिमटीत दाबला की पांढरे दूध येते आणि जुना दाणा दाबला जात नाही. असे का, यावर पाच वर्षांची मुले तर्क लढवितात. त्या तर्काचे उत्तर बरोबर असण्याची आवश्यकता नाही.

त्यानंतर सुपात ज्वारी, हरभरा आणि तूर एकत्र करून ती वेगवेगळी करण्याचे काम दिले जाते. दाणा चिमटीत उचलून वाटीत टाकणे हे दिसावयास क्षुल्लक काम. पण पुढे लेखणी ज्या तीन बोटांनी धरावयाची, तीच तीन बोटे येथे कामास लागतात. रंगावरून, आकारावरून वस्तूंचे गट पाडणे ही गणिताची पहिली पायरी असून अंकलेखन पुष्कळ नंतरचे आहे. तीन वर्षांच्या मुलांच्या हाती मात्र सुटे दाणे देऊ नयेत. ते नाकात, कानात जातात आणि घशात अडकतात. त्यांना संपूर्ण कणसे, पाने व धाटे द्यावीत, आणि मदतनिसाने जवळ बसावे. एकाच खोलीत तीन वयांची मुले असतात, ही अडचण म्हणून सांगितली जाते. साहित्य तेच ठेवून काम वयाप्रमाणे बदलले तर तिचा फायदाही होतो, कारण धाकटे मूल थोरल्याकडे पाहून शिकते.

बुधवार : चिपटे आणि मापटे

आठवड्यातील सर्वांत मोलाचा दिवस हा. जुन्या घरांतून अजूनही चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापे सापडतात. दशमान मापे येऊन अनेक दशके लोटली, तरी आजीच्या कणगीजवळ चिपटे असतेच. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची पायली. कोष्टक म्हणून हे मुलांना सांगावयाचे नाही. ज्वारीची पाटी, एक चिपटे, एक मापटे आणि खाली अंथरलेले पोते एवढे देऊन सेविकेने बाजूला व्हावे.

मुले प्रथम नुसतीच ओततात. सांडतात, भरतात, पुन्हा ओततात. दहा मिनिटांनी एखादी मुलगी थांबून म्हणते, “बाई, दोनदा टाकलं की भरतंय.” तो क्षण गणिताचा आहे. सेविकेने तेव्हा “खरंच? परत करून दाखव बरं” एवढेच म्हणावे. मुलगी पुन्हा भरते, इतर जमतात, एकजण मापट्याऐवजी शेर आणतो आणि आता किती वेळा टाकावे लागेल याचा अंदाज बांधतो. कोणी तीन म्हणते, कोणी दहा. प्रत्यक्षात चार चिपटी लागतात. अंदाज, पडताळा आणि पुन्हा अंदाज, असा हा क्रम चालतो. शास्त्रज्ञही प्रयोगशाळेत याहून वेगळे काही करीत नाही.

यानंतरचा प्रयोग मोठ्यांना चकित करणारा आहे. दोन मापटी सारखीच भरावीत आणि दोन्हींत सारखी ज्वारी आहे याची मुलांकडून खात्री करून घ्यावी. मग एक मापटे उंच, अरुंद डब्यात आणि दुसरे परातीत ओतावे. ‘आता कशात जास्त?’ असे विचारले तर चार-पाच वर्षांची बहुतेक मुले डब्याकडे बोट दाखवितात. जिनिव्हाचे मानसशास्त्रज्ञ झाँ प्याजे यांनी लहान मुलांच्या विचारपद्धतीचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात द्रव पदार्थ घेऊन केलेले असे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मुलाची ही चूक अज्ञानाची नसून वयाची आहे. उंची दिसते तेच त्याला मोठे वाटते. ‘नाही, दोन्हींत सारखीच आहे’ असे सांगून ती दूर होत नाही. ज्वारी परत मापट्यात ओतून पाहण्याची संधी वारंवार मिळाली की सहा-सात वर्षांच्या सुमारास मूल आपोआप त्या चुकीतून बाहेर येते. पहिलीच्या शिक्षकांनी हे ध्यानात घेतले तर ‘हातच्याची’ बेरीज न समजणाऱ्या कित्येक मुलांवरचा मठ्ठपणाचा शिक्का टळेल.

पाटीवर या दिवशी एकही अंक लिहिला जात नाही. सायंकाळी आई विचारते, “आज काय शिकवलं?” मूल सांगते, “काही नाही, ज्वारी खेळलो.” येथेच अंगणवाडीची खरी अडचण सुरू होते. दोन गल्ल्यांपलीकडे गणवेश, दप्तर आणि इंग्रजी अक्षरे देणारा खाजगी वर्ग उघडलेला असतो, आणि पदरचे पैसे मोडून मुलाला तेथे घालणारे मजूर आईबाप आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलाला लवकर मिळावे, ही त्यांची तळमळ असते. पण चार वर्षांच्या बोटांत जबरीने धरविलेली लेखणी पुढील वाचनलेखनाला हातभार लावण्याऐवजी त्याची नावड निर्माण करण्याचाच संभव अधिक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट एकसंध पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळ, कृती व शोध यांना मध्यवर्ती स्थान दिले. धोरण आणि पालकांची अपेक्षा यांच्यामध्ये सेविका एकटी उभी आहे.

गुरुवार, शुक्रवार

गुरुवारी हातकामाचा दिवस. ज्वारीच्या वाळक्या धाटाची साल आणि आतला पांढरा, हलका गाभा यांपासून बैलगाडी करण्याची कला मराठवाड्यातील आजोबांच्या पिढीला अवगत होती, आणि गावात आजही कोणी तरी जाणकार सापडतो. त्याला तासभर बोलवावे. सालीच्या कडा धारदार असतात, म्हणून साल मोठ्यांनी काढावी. मुलांनी गाभ्याचे तुकडे सालीच्या काडीने जोडावेत. धाकट्यांना माती द्यावी. संत गोरोबाकाकांचे तेर गाव याच जिल्ह्यात आहे. तेथील उत्खननांत सातवाहन काळातील भाजलेल्या मातीच्या सुबक मूर्ती मिळाल्या, आणि त्या गावच्या वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतात. ज्या भूमीतील हातांनी दोन हजार वर्षांपूर्वी अशी कामगिरी केली, तेथील मुलांना मातीत हात घालू नका असे बजावले जाते, हे विचित्र आहे.

शुक्रवारचा विषय भाकरी. धाराशिव जिल्ह्यातील वर्ग दिसतो तितका एकभाषिक नसतो. उमरग्याच्या सीमाभागात घरी कन्नड बोलणारे मूल भाकरीला ‘रोट्टी’ म्हणते. तांड्यावरचे बंजारा मूल ‘बाटी’ म्हणते. मुस्लिम घरात ‘रोटी’ म्हणतात, आणि मराठी घरातही ती कोठे ‘भाकर’ तर कोठे ‘भाकरी’ असते. सेविकेने एक भाकरी परातीत ठेवावी आणि प्रत्येकाला ‘तुझ्या घरी हिला काय म्हणतात?’ असे विचारावे. आजवर कोपऱ्यात बसलेले तांड्यावरचे मूल त्या दिवशी वर्गाला एक नवा शब्द देते आणि सारा वर्ग तो मोठ्याने म्हणतो. मराठी त्याला शिकावयाचीच आहे. पण आईची भाषा दाराबाहेर ठेवून ये, असे सांगितले तर ते मूलच दाराबाहेर राहते.

मग ध्वनीचा खेळ होतो. ‘भाकरी’सारखे सुरू होणारे शब्द सांगा. भात, भाजी, भाऊ असे शब्द येतात. कोणी ‘भज्जी’ म्हणतो, तेही चालेल. अक्षर अद्याप दाखविलेले नाही. आधी कानाला ‘भ’ वेगळा ऐकू यावा, मग डोळ्यांनी तो ओळखावा आणि सर्वांत शेवटी हाताने काढावा, असा हा क्रम आहे. तो उलटा फिरविल्यानेच अक्षरे गिरविणारी परंतु वाचता न येणारी मुले वरच्या वर्गांत जातात. जेवणाच्या वेळी पाच वर्षांच्या दोन मुलांनी प्रत्येकापुढे एकेक ताट मांडावे. एक ताट कमी पडले तर कोणाचे राहिले, हे त्यांनीच शोधावे.

शनिवार, आणि जी मुले आली नाहीत

शनिवारी पेरणीपासून भाकरीपर्यंतची गोष्ट मुलेच सांगतात. चित्रे उलटसुलट मांडून ती क्रमाने लावतात. मातांना बोलावून अर्धा तास हा खेळ दाखवावा. ज्वारी ‘खेळण्यात’ काय शिकणे आहे हे आईने एकदा डोळ्यांनी पाहिले की तिचा प्रश्न बदलतो. या एका उपायाइतका परिणामकारक दुसरा उपाय नाही.

हजेरीपत्रकाकडे पाहिले असता मात्र या आठवड्यात काही नावांपुढे सलग गैरहजेरी दिसते. बालाघाटच्या डोंगराळ भागातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांची लहान मुले फडात, पाचटावर असतात. येळवस आणि हुरडा हे त्यांच्या वाट्याला येत नाहीत. तीन ते सहा या वयाची तीनच वर्षे असतात, आणि प्रत्येक वर्षातील पाच-सहा महिने गेले तर शिक्षणाचे निम्मे बालपण हातचे जाते. जी मुले आजी-आजोबांजवळ मागे राहतात, त्यांची नावे पटावर असतात, पण त्यांना वेळेवर पाठविणारे घरात कोणी नसते.

या बाबतीत ग्रामपंचायतीला करता येण्याजोगे काम आहे. महिला व बालविकास हा विषय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याच्या विषयांत आहे. मुकादमाने उचल दिली की कोणते कुटुंब कोणत्या कारखान्याकडे जाणार हे गावात सर्वांना ठाऊक असते. ती यादी दिवाळीपूर्वीच सेविकेकडे आली, तर मुलाचे लसीकरणाचे कार्ड व नोंदी आईच्या हाती देता येतात आणि जेथे मुक्काम पडेल तेथील अंगणवाडीत आहार व हजेरी मागता येते, हे तिला समजावून सांगता येते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी शेजारच्या आईने सकाळी हाक मारण्याची व्यवस्था गावातच होऊ शकते. त्याला निधी लागत नाही. निधी लागतो तो चटया, पाण्याची टाकी, दुरुस्त दार आणि मापांचा एक संच यांसाठी, आणि तो फार नाही.

परतलेल्या मुलांचे स्वागत कसे करावे, हाही अभ्यासक्रमाचाच भाग मानला पाहिजे. पाडव्यानंतर ती वर्गात येतात तेव्हा इतरांची गाणी पुढे गेलेली असतात, खेळ ठाऊक नसतात, आणि ती भिंतीला टेकून बसतात. त्या आठवड्याचा विषय ऊस ठेवावा. मोळी कशी बांधतात, वाढे कोण खाते, कारखान्याचा भोंगा कधी वाजतो, ट्रॅक्टरवर ऊस चढविताना फळीवरून कसे जातात, हे त्या वर्गात फक्त त्यांनाच ठाऊक असते. बाकीची मुले प्रश्न विचारतात, आणि सेविकाही विचारते, कारण त्यांतले पुष्कळसे तिलाही माहीत नसते.